आवाजाचं का उजेडाचं? तेरखेड्याच्या हायवेवरचं फटाक्यांचं दुकान

“मावशी, आवाजाचं बघायलात का उजेडाचं?”

तेरखेड्याच्या हायवेवरच्या त्या दुकानात पाय ठेवला आणि गल्ल्यावरच्या बाईनं पहिलं हेच विचारलं. किती रुपयांपर्यंत घ्यायचंय हे नाही, किती लेकरं आहेत हेही नाही. मी छप्पन्न वर्षांची आहे, लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, आणि आजवर फटाक्याच्या कुठल्याच दुकानात मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नासाठी लिहायला बसले आहे. दुकान कसं आहे, माल कसा निघाला, पैसे किती गेले हे सगळं सांगते. पण मी काय उत्तर दिलं आणि ते उत्तर माझ्या तोंडी यायला किती वर्षं लागली, तेही सांगावं लागेल.

आधी जागा. तेरखेडा धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर. आम्ही लातूरहून मुरूड, ढोकी, येडशी असे आलो. येरमाळ्याला येडेश्वरीचं दर्शन घेतलं आणि तिथून पुढं थोड्याच वेळात गाव लागलं. फटाके म्हणलं की बाकीच्यांना शिवकाशी आठवते, आम्हाला तेरखेडा. इथं कारखाने आहेत. भोवतालच्या गावांतल्या बायामाणसांना त्यात काम मिळतं, आणि त्याच कारखान्यांत स्फोट होऊन माणसं गेल्याच्या बातम्याही आम्ही वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. इथं खरेदी करताना ते मनात असतंच. माझ्या होतं.

दुकानाच्या पाटीवर नाव नाही. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत ‘फटाके, होलसेल व रिटेल’ एवढंच. पत्र्याचं शेड, दोन्ही बाजूंना मोकळं रान, दारात वाळूच्या चार बादल्या आणि पाण्याचा निळा ड्रम. मी बादलीत हात घालून पाहिला. वाळू सुटी होती, दरवर्षी तीच मांडून ठेवल्यासारखी दगड झालेली नव्हती. आत एकही उघडा दिवा नाही, दिवाळीची पणतीसुद्धा बाहेर रस्त्याच्या कडेला. एक माणूस बिडी ओढत येत होता, त्याला बाईनं दहा पावलांवरूनच हाक मारून थांबवलं. त्यानं बिडी पायाखाली विझवली, तिनं ती विझल्याची खात्री केली, मग त्याला आत घेतलं.

मी हे इतकं बारकाईनं का बघते त्याला कारण आहे. २९ ऑक्टोबर २०१६. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तेव्हाच्या औरंगाबादेत जिल्हा परिषदेच्या मैदानावरच्या फटाका बाजाराला आग लागली आणि शंभराहून जास्त दुकानं जळाली. माझा मुलगा तेव्हा त्याच शहरात नोकरीला होता. टीव्हीवर मैदान पेटलेलं दिसत होतं, रॉकेटं आडवी-तिडवी सुटत होती, आणि त्याचा फोन लागत नव्हता. चाळीस मिनिटांनी लागला. तो दुसऱ्या टोकाला मित्राच्या खोलीवर होता. तेव्हापासून मी नियम पाठ केले आहेत. तात्पुरत्या दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर, तोंडं समोरासमोर नकोत, एका ठिकाणी ५०च्या वर दुकानं नकोत, तेलाचे किंवा गॅसचे दिवे नकोत. शेजारी-शेजारी चिकटवलेल्या मंडपांतून मी तेव्हापासून एक डबीही घेतलेली नाही. हे दुकान एकटं उभं आहे, हीच माझ्या दृष्टीनं त्याची पहिली चांगली गोष्ट.

तर प्रश्न. आवाजाचं का उजेडाचं?

लहानपणी कुणी विचारलं असतं तर मी ‘आवाजाचं’ म्हणाले असते, आणि मला ते मिळालं नसतं. औसा तालुक्यातलं आमचं गाव, १९७५-७६च्या आसपासच्या दिवाळ्या. आबा औशाच्या बाजारातून कापडी पिशवीत फटाके आणायचे. पिशवी आली की सगळं माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, नेऊन पोत्यावर पसरायचं आणि ऊन द्यायचं, नाहीतर वाती सर्द होतात. सलग माळ वाजवणं हे आमच्या घरात माहीतच नव्हतं. दादा माळेचा दोरा उसवायचा, एकेक लवंगी सुटी करायचा आणि आम्ही चौघं भावंडं गोल बसून वाटे घालायचो. शंभराची माळ, पंचवीस-पंचवीस. एखादी कमी भरली की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. संध्याकाळी लव्हाळ्याची दिवटी घेऊन गोठ्यात जनावरं ओवाळायची, आणि मग अंगणात आपापल्या वाट्याच्या लवंग्या पुरवून-पुरवून वाजवायच्या.

पण तोटे आणि सुतळी बॉम्ब वाट्यात येत नसत. ते दादाचे. मला आणि धाकटीला त्याऐवजी फुलबाज्या, टिकल्यांच्या डब्या आणि नागगोळ्या. “पोरींनी लांबून बघावं,” माय म्हणायची. मला लांबून बघायचं नव्हतं. नऊ वर्षांची असताना नरक चतुर्दशीला पहाटे, सगळे न्हाणीपाशी उटण्याच्या गडबडीत असताना, मी दादाच्या कोनाड्यातला एक सुतळी बॉम्ब उचलला, देवघरातली उदबत्ती घेतली आणि गोठ्यामागं गेले. वात पेटवून जी पळाले ती कडब्याच्या गंजीपर्यंत. आवाज पायातून वर आला. कुत्री उठली, बैल हंबरले, शेजारच्या वाड्यातून कुणीतरी ओरडलं, “अरे, कुणाचा रे पहिला बार?” सगळ्यांना वाटलं दादाचा. आबांनी त्याची पाठ थोपटली आणि दादानं ती थोपटून घेतली. मी कुणाला काही सांगितलं नाही. पण सगळं गाव एका आवाजानं जागं झालं आणि तो मी केला होता, हे मला पुढच्या दिवाळीपर्यंत पुरलं.

दोन वर्षांनी दादाचा तळहात भाजला. वात विझली म्हणून तो बॉम्ब फुसका समजून उचलायला गेला आणि तो हातात फुटला. मायनं दौतीतली निळी शाई त्यावर ओतली, तेव्हा सगळीकडं तेच करायचे. आता मी शाळेत दरवर्षी सांगते: शाई नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली हात धरायचा आणि दवाखाना गाठायचा. न वाजलेल्या फटाक्याकडं परत जायचं नाही, लांबूनच पाणी टाकायचं. दादाचं एक बोट अजून पूर्ण मिटत नाही. तरीही त्यानंतर माझी आवाजाची ओढ कमी झाली नव्हती. ती गेली १९९३ला.

१९९१ला लग्न होऊन मी सासरी आले. सासरही औसा तालुक्यातच, किल्लारीपासून चार-पाच कोसांवर. १९९३ची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. मुलगा तीन महिन्यांचा. गावातल्या गणपतीची मिरवणूक दारावरून गेली, गुलाल उडाला, पोरांनी भरपूर फटाके वाजवले. मी बाळाचे कान पदरानं झाकून उंबऱ्यात उभी होते, आणि मला ते आवडत होतं. उशिरा झोपलो.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. मला आधी आवाज आठवतो, हलणं नंतर. झोपेत वाटलं की पोरं अजून बॉम्बच वाजवायलीत. मग भिंतीतून माती गळायला लागली. ह्यांनी मला धरून ओढलं, मी बाळाला छातीशी धरलं आणि अंगणात आलो तेव्हा पाठीमागं न्हाणीच्या बाजूचं माळवद बसलं. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. किल्लारी, सास्तूर, तिकडची गावंच्या गावं गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली झोपलेल्या माणसांना उठायला वेळच मिळाला नाही. ज्या माळवदावर आम्ही फटाक्यांना ऊन दाखवायचो, तसलीच माळवदं.

दीड महिन्यानं दिवाळी आली. आम्ही पत्र्याच्या शेडात होतो. गावात एक फटाका वाजला नाही, कुणी सांगावंही लागलं नाही. त्यानंतरच्या वर्षी शेजारच्या गावात वाजले. पहिला बॉम्ब झाला आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातलं ताट टाकून अंगणात धावल्या. त्या पुढची बारा वर्षं जगल्या आणि बाराही दिवाळ्या त्यांनी अंगणात, उघड्यावर, भिंतीपासून लांब बसून काढल्या. मी धावायचे नाही. मी पाण्याच्या घागरीकडं बघायचे. आवाज झाला की आधी घागरीकडं नजर, पाणी हलतंय का. नाही हललं की मग श्वास. लोकांना वाटत असेल की बाई देवघराकडं बघते, घागर तिथंच होती.

आणि ज्याला छातीशी धरून बाहेर काढलं, त्या पोराला आवाजाचंच वेड लागलं. २००३ला तो दहा वर्षांचा. हजाराची माळ पाहिजे, सुतळी बॉम्ब पाहिजे, डब्याखाली लावून डबा उडवायचा. मी नाही म्हणलं की तो चुलत्याकडं जाऊन वाजवायचा. “आई, ह्यात भ्यायसारखं काय आहे?” त्याला त्या रात्रीचं काहीच आठवणं शक्य नव्हतं, आणि मला ते त्याच्या अंगावर घालायचं नव्हतं. मी आत जाऊन दार लावून बसायचे. आमच्या दोघांत दिवाळीचे चार दिवस बोलणं कमी व्हायचं. हे पुष्कळ वर्षं चाललं.

शाळेत मात्र माझ्या हातात अधिकार होता. दिवाळीच्या सुट्टीआधी फटाकेमुक्त दिवाळीची शपथ असते, ती मी मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. फळ्यावर धुराचं, पक्ष्यांचं, दम्याचं लिहायचे. लिहिलेलं सगळं खरं होतं, पण माझं कारण घागरीतल्या पाण्याचं होतं. एका वर्षी चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला. तांड्यावरची मुलगी, आई-बाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की टोळी निघणार आणि ही सहा महिने कोप्यावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, शाळा बंद. ती म्हणाली, “मॅडम, फुलझडीबी नाही का?” मी म्हणाले, “नाही.” तिनं मान हलवली आणि शपथ घेतली. ती दिवाळीनंतर गेली आणि पुढच्या वर्षी आमच्या शाळेत आली नाही. त्या ‘नाही’बद्दल मला अजून वाईट वाटतं. तिनं आवाज मागितला नव्हता. उजेड मागितला होता, आणि मला तेव्हा दोन्हीत फरक करता आला नाही.

म्हणून यंदा गल्ल्यावरच्या त्या बाईनं विचारलं तेव्हा मी जरा वेळ गप्पच उभी राहिले. सोबत मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू. मग म्हणाले, “उजेडाचं.” मुलगा माझ्याकडं बघत होता.

दुकानाची मांडणीच तशी आहे. डाव्या भिंतीला आवाजाचं: लवंगी, लक्ष्मी बॉम्ब, सुतळी. उजव्या भिंतीला उजेडाचं: फुलबाज्या, अनार, चक्र, पेन्सिली. मधे माणूस जाईल एवढी वाट. मोठ्या माळा दिसल्या नाहीत. विचारलं तर म्हणाली, “लडी ठेवत नाही, बंदी आहे.” खरं आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालात जोड-फटाक्यांवर, म्हणजे माळांवर, बंदी आली. बेरियमच्या क्षारांवरही आली आणि दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरली. कायदा माहीत असलेले दुकानदार मी पाहिलेत. तो पाळून फडताळ रिकामं ठेवणारी ही पहिली.

मी तिला विचारलं, हे आवाज-उजेडाचं सगळ्यांनाच विचारता का. म्हणाली, “विचारलेलं बरं, मावशी. कुणाच्या घरात म्हातारं माणूस असतं, कुणाच्या तान्हं लेकरू, कुणाची गाय गाभण असती. नेलेलं मग तसंच पडून राहतं, नाहीतर भांडणं होतात.” आणि थोडं थांबून, “मी आठ वर्षं कारखान्यात वाती बसवल्या. घरी उजेडाचंच नेते.” त्यापुढं ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

आम्ही तिथं असतानाच एक शेतकरी जोडपं आलं, मोटारसायकलवर, मधे एक मुलगी. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत आमच्या मराठवाड्याचं काय झालं ते सांगायला नको, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. बाई म्हणाली की यंदा डाव्या भिंतीचा माल निम्माही हलला नाही. त्या माणसानं फुलबाज्यांच्या डबीची किंमत विचारली, तीस रुपये, आणि म्हणाला, “दहा नको, पाचच द्या.” तिनं एका शब्दानं कुरकूर न करता डबी फोडली, पाच काढून कागदात गुंडाळल्या, पंधरा रुपये घेतले आणि मुलीच्या हातात टिकल्यांची एक डबी ठेवली. “ही माझ्याकडून.” सुट्या पाच फुलबाज्या होलसेलवाल्याच्या काय कामाच्या? मला माळवदावरचे वाटे आठवले.

आता माल. १५ सेंटिमीटरच्या फुलबाज्या, दहाची डबी ३० रुपये, चार घेतल्या. मोठे अनार, दहाचा खोका, छापील किंमत ५४०, दिला १८०ला, दोन घेतले. जमिनीवरची चक्रं, दहाचा खोका, छापील ४२०, दिला १४०ला. छापील किमतीकडं कुणी बघूच नका. या धंद्यात ती तिपटी-चौपटीनं छापतात आणि मग ‘७० टक्के सूट’ म्हणून पाटी लावतात. इथं सुटीची पाटी नव्हती, तोंडी भाव सांगितला आणि तोच घेतला. मुलानं डाव्या भिंतीवरून दहा सुतळी बॉम्बांचा एक पुडा ८० रुपयांना घेतला. मी काही बोलले नाही. एकूण ७०० झाले.

नागगोळ्या नातवाला पाहिजे होत्या, पेटवल्या की काळा नाग निघतो म्हणून. त्या मी घेऊ दिल्या नाहीत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं सहा प्रकारच्या फटाक्यांचा बारीक धूर मोजला होता, त्यात सगळ्यात जास्त निघाला नागगोळीचा, हजाराच्या माळेपेक्षाही. फुलबाजीचाही कमी नव्हता. सहांत सगळ्यात कमी अनाराचा. आमच्या वेळी सगळ्यात निरुपद्रवी म्हणून मुलींच्या हातात नागगोळीच द्यायचे, आणि आम्ही त्यावर वाकून नाग किती लांब निघतो ते बघत बसायचो. म्हणून अनार दोन खोके.

‘हरित फटाका’ म्हणजे काय, हे दुकानात पुष्कळ जण विचारत होते, त्यांच्यासाठी. हिरव्या रंगाचा फटाका नव्हे. उलट हिरवा रंग येतो तो बेरियमनं, ज्याच्यावर बंदी आहे. लाल स्ट्रॉन्शियमनं येतो, पिवळा सोडियमनं, लख्ख पांढरी ठिणगी ॲल्युमिनियमच्या भुकटीची. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेनं कमी धुराची मिश्रणं तयार केली, त्यांत नेहमीपेक्षा किमान ३० टक्के कमी कण निघतात, आणि खोक्यावर त्यांचं चिन्ह व क्यूआर कोड असतो. धूर कमी, शून्य नाही. मुलानं दुकानातच चारही वस्तूंचे कोड मोबाइलवर पाहिले. फुलबाजी, अनार, चक्र उघडले. रंगीत पेन्सिलींचा उघडला नाही, तसं सांगितल्यावर बाईनं तो खोका आमच्या पिशवीतून काढला आणि मागं ठेवून दिला. सुतळी बॉम्बांच्या पुड्यावर कोडच नव्हता, काय घातलंय त्याची यादीही नव्हती. हे मला पटलं नाही आणि मी तिला तसं म्हणाले. ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज करणारा फटाका बनवायला आणि विकायलाच मनाई आहे. पुड्यावर काही लिहिलेलं नसेल तर गिऱ्हाइकानं ते ओळखायचं कसं? तिच्याकडं उत्तर नव्हतं. डावी भिंत उजव्या भिंतीसारखी तपासून ठेवायला हवी.

आणखी दोन गोष्टी. गाडी लावायला जागा नाही, हायवेच्या कडेलाच उभी करावी लागते, ट्रक अंगावरून जातात. लहान लेकरू असेल तर हात सोडू नका. आणि बिल कागदाच्या चिठ्ठीवर मिळतं. मागितल्यावर वस्तूवार लिहून दिलं, पण मागावं लागलं. पैसे मोबाइलवरून घेतात.

लक्ष्मीपूजन गावी केलं. जुनं घर भूकंपानंतर पाडलं, आता एकमजली आहे, वर पत्रे. अंगणात पाण्याची बादली ठेवली, वाळूचं घमेलं ठेवलं, सगळ्यांनी सुती कपडे घातले. फुलबाजीची तार विझल्यावरही भयंकर तापलेली असते, जळताना ती हजार अंशांच्या आसपास जाते, म्हणून विझली की थेट बादलीत.

फुलबाज्या चाळीसच्या चाळीस पेटल्या. ठिणगी भरगच्च, मधे कुठं विझली नाही, मी मनात मोजलं तर चाळिसापर्यंत टिकली. अनार वीसपैकी सतरा चांगले, पत्र्याच्या पन्हाळीपर्यंत उंच गेले आणि रुंद पसरले. दोन पेटलेच नाहीत, एक दोन सेकंदांत बसला. चक्रं बरी, पण तीन उड्या मारत तुळशीकडं गेली, त्यांना फरशी लागते, आमचं अंगण शेणाचं. धूर होता, पण डोळे चुरचुरले नाहीत. अनार पेटला की नातू दोन्ही हात वर करून उभा राहायचा, तोंडावर सोनेरी उजेड, आणि मला त्याच्या मागं सून, मुलगा, हे, सगळ्यांचे चेहरे दिसायचे. आवाजात माणसं दिसत नाहीत, कानावर हात आणि डोळे मिटलेले. उजेडात दिसतात. मी कितीतरी वर्षांनी दिवाळीत दार न लावता अंगणात बसले होते.

साडेनऊला मुलगा जवळ आला. “आई, एक वाजवू का? तू म्हणशील तर.” बत्तीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा विचारलं. म्हणाले, वाजव, पण रानात, गोठ्यापासून लांब. त्यानं शेजाऱ्यांना सांगून ठेवलं. कापून झालेल्या सोयाबीनच्या रानात, चिखल वाळला होता तिथं, तो गेला. मी नातवाचे कान दोन्ही हातांनी झाकले. वात पेटलेली दिसली, मुलगा पळत आला.

वाजला. गोठ्यामागं वाजला होता तेवढाच.

माझी नजर बादलीकडं गेली. पाण्यात पणती दिसत होती, तशीच, न हलता. नातू म्हणाला, “आज्जी, हात काढ की.”

उरलेले नऊ मुलानं स्वतः त्याच बादलीत टाकले. मी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दुकानात जाणार आहे, उजव्या भिंतीकडं. लातूर-धाराशिवकडच्या कुणाला जायचं असेल तर दिवाळीआधी आठवडाभर जा, सकाळी, गर्दी नसते आणि बाईला बोलायला सवड असते.

पाडव्याला सकाळी मी शाळेतला नालाकृती चुंबक दोरीला बांधून नातवाच्या हातात दिला. फुलबाजीची तार लोखंडाची असते. बादलीतल्या आणि अंगणात पडलेल्या मिळून त्यानं सदतीस गोळा केल्या. तीन अजून सापडायच्या आहेत, तोवर अंगणात कुणी अनवाणी जायचं नाही असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.